पटत नाही त्याच्याशी बोलताना

१८८२ साली पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूलचे दोन तरुण शिक्षक मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघांचाही जन्म जुलै १८५६ चा, म्हणजे दोघेही सव्विशीतले. त्यांना तुरुंगात जावे लागले ते कोल्हापूरमुळे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत आहे, त्यांना वेडे ठरवले जात आहे, अशी बातमी पुण्यात पोचली होती. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांचा त्यात हात असल्याचे दाखवणारी काही पत्रे 'केसरी'च्या हाती आली आणि त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण खटला थांबला नाही. चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस दोघांनी भोगले. पुढे आगरकरांनी या दिवसांवर एक छोटे पुस्तकही लिहिले.

तुरुंगात दोघे काय करीत? मुख्यतः वाद. देशाने आधी काय करावे, समाजाच्या चालीरीती सुधाराव्या की परकी सत्तेशी झगडावे, यावर त्यांचे बोलणे रात्री इतके रंगे की पहारेकऱ्यांना येऊन आवाज कमी करायला सांगावे लागे. मतभेद तेव्हाही होते, मैत्रीही होती. बाहेर आल्यावर मात्र पाच वर्षांत चित्र पालटले. १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. त्यानंतर दोन वर्तमानपत्रांतून एकमेकांविरुद्ध जे लिहिले गेले, त्यात डोंगरीतला जिव्हाळा शोधून सापडत नाही.

या दोन शिक्षकांची आठवण आम्ही मुद्दाम काढली. निवडणुका आल्या, एखादे आंदोलन पेटले किंवा नुसती वर्तमानपत्रातली एखादी ठळक बातमी आली की शिक्षकांच्या खोलीत, एसटीच्या बाकावर, घरच्या जेवणाच्या ताटावर हेच घडताना आपण पाहतो. वर्षानुवर्षे एकत्र डबा खाणारी माणसे एका विषयावरून बोलेनाशी होतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे, तो विषय सोडून बाकी सगळे बोलू लागतात. मतभेद होतातच, ते कसे हाताळायचे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेले नसते. गेल्या सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बरेच प्रयोग केले आहेत. त्यातले काही वर्गातही करून पाहता येतात. ते समजून घेऊ.

सामना एक, चित्रे दोन

कोल्हापूरकरांना फुटबॉल नव्याने सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहार यांच्यातला सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठापेठांत काय वातावरण असते ते सर्वांना ठाऊक आहे. सामना संपल्यावर दोन्ही तालमींच्या समर्थकांना वेगवेगळे उभे करून विचारा, 'धसमुसळा खेळ कोणी केला?' उत्तर ऐकण्याआधीच आपल्याला माहीत असते.

अमेरिकेत १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. तो चांगलाच आडदांड झाला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. पुढे कित्येक दिवस दोन्हीकडची वर्तमानपत्रे एकमेकांना दोष देत राहिली. आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी या भांडणाचाच अभ्यास करायचे ठरवले. त्यांनी दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग दिसेल तेव्हा नोंद करायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. त्याच फिल्ममध्ये प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे ९.८ नियमभंग दिसले. दुपटीहून जास्त! हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला.

यातला मुद्दा बारकाईने पाहा. हे विद्यार्थी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. नोंदी त्यांनी प्रामाणिकपणेच केल्या होत्या. म्हणजे आपली बाजू ठरली की निष्कर्षच नव्हे, तर 'डोळ्यांनी पाहिलेले'सुद्धा बदलते. राजकीय चर्चेत आपण समोरच्याला म्हणतो, 'अहो, इतके स्वच्छ दिसते आहे, तुम्हाला दिसत कसे नाही?' आणि मग दोनच शक्यता उरतात असे आपल्याला वाटते. एक तर तो अडाणी आहे, नाहीतर लबाड. तिसरी शक्यता सुचत नाही. तो दुसऱ्या पेठेत उभा राहून पाहतो आहे, आणि आपणही एका पेठेतच उभे आहोत, ही ती शक्यता.

२, ४, ६ : वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

फळ्यावर २, ४, ६ हे आकडे लिहा. मुलांना सांगा, 'हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमाप्रमाणे आहेत. तो नियम तुम्ही ओळखायचा. त्यासाठी तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही एवढे मी सांगेन. खात्री झाली की नियम सांगा.'

बहुतेक मुले ८, १०, १२ सुचवतील. 'बसतात.' मग २०, २२, २४. 'बसतात.' मग शंभर, एकशे दोन, एकशे चार. 'बसतात.' आणि मुले आनंदाने जाहीर करतील, 'दोनने वाढणाऱ्या सम संख्या!' तुम्ही म्हणायचे, 'चूक.' कारण मनातला नियम इतकाच आहे की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. १, ७, ५० सुद्धा चालले असते. पण ते कोणी विचारत नाही.

हा प्रयोग पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध केला. त्याच्या २९ विद्यार्थ्यांपैकी फक्त ६ जणांनी पहिल्याच फटक्यात बरोबर नियम सांगितला. इतरांची चूक गणिताची नव्हती. मनात आलेली कल्पना खरी ठरवणारी उदाहरणे ते शोधत राहिले, खोटी ठरवणारी शोधली नाहीत. '६, ४, २ चालतील का?' किंवा '१, २, ३ चालतील का?' असा एकच प्रश्न विचारला असता तर कल्पना तपासली गेली असती.

विज्ञान शिकवताना आपण सांगतो की सिद्धान्त खोटा पाडण्याचा प्रयत्न करा, त्यातून टिकला तर ठेवा. पण राजकारणाचा विषय निघाला की आपण सगळेच ८, १०, १२ विचारू लागतो. आपल्या पक्षाची चांगली कामे आणि दुसऱ्याचे घोटाळे आपल्याला तोंडपाठ असतात, उलटी यादी कधी केलेलीच नसते.

आता 'केसरी'कडे आलेल्या त्या पत्रांकडे पुन्हा पाहा. ती पत्रे आधीच मनात असलेल्या संशयाला पूरक होती. मनाजोगता पुरावा हाती आला की तो कमी तपासला जातो. टिळक-आगरकरांसारख्या कुशाग्र माणसांच्या बाबतीतही हे घडू शकले, असा आमचा तर्क आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर १८८३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरला शिवाजी महाराजांचा गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत मृत्यू झाला. म्हणजे महाराजांच्या जिवाविषयी लोकांना वाटणारी काळजी अनाठायी नव्हती. काळजी खरी, पण तिच्यासाठी दिलेला पुरावा खोटा, असेही असू शकते. राजकीय वादात ही गोष्ट फार उपयोगी पडते. समोरच्याने दिलेला दाखला चुकीचा निघाला म्हणून त्याची काळजी खोटी ठरत नाही. आणि आपली काळजी खरी आहे म्हणून आपला प्रत्येक दाखला खरा ठरत नाही.

'का?' पेक्षा 'कसे?'

शिवणयंत्र कसे चालते हे तुम्हाला कितपत माहीत आहे? एक ते सात गुण द्या. आता कागद घेऊन सुई, दोरा, खालची बॉबीन हे सगळे मिळून टाका कसा पडतो ते पायरीपायरीने लिहा. लिहून झाल्यावर स्वतःला पुन्हा गुण द्या. ते बहुधा उतरतील.

लिओनिद रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली असेच प्रयोग कुलूप, झिप, शौचालयाची फ्लशची टाकी अशा रोजच्या वस्तूंवर केले. माणसांना वस्तू 'समजली आहे' असे वाटते, समजावून सांगू लागल्यावर मात्र समज किती उथळ होती ते कळते. फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हीच युक्ती सरकारी धोरणांना लावली. लोकांना आपले मत 'का' आहे हे विचारले तर ते ठाम राहतात. पण ते धोरण प्रत्यक्षात 'कसे' चालेल हे पायरीपायरीने सांगायला लावले, की आपल्याला वाटले तितके कळलेले नाही हे त्यांच्या लक्षात येते. त्या अभ्यासात लोकांची मतेही थोडी मवाळ झाली. पुढे इतरांनी प्रयोग पुन्हा केले, तेव्हा आत्मविश्वास उतरतो हे दिसले, मत मवाळ होणे मात्र दरवेळी दिसले नाही. तेव्हा ही जादूची कांडी नाही. पण चर्चा घोषणांवरून खाली उतरून कामाच्या गोष्टींवर यावी, यासाठी 'कसे?' हा प्रश्न उत्तम आहे.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली. त्यानंतर शहराच्या हद्दवाढीचा प्रश्न दशकानुदशके शहर आणि भोवतालची गावे यांच्यात धुमसत राहिला. २०१७ साली हद्दवाढीला पर्याय म्हणून ४२ गावांचे प्राधिकरण झाले, तरी वाद मिटला नाही. समजा, शिक्षकांच्या खोलीत शहरातले एक सर आणि लगतच्या गावातले एक सर बोलत आहेत.

'केएमटी आमची, दवाखाने आमचे, बाजार आमचा. सगळं वापरायचं आणि हद्दीत यायचं म्हटलं की मोर्चा. हा काय न्याय झाला, सर?'

'आणि तुमचा घरफाळा आमच्या माथी मारायचा, हा न्याय? शहराच्या टोकाच्या कॉलनीत अजून धड गटारी नाहीत, तिथं आमच्या गावाला काय देणार तुम्ही?'

इथून पुढे आवाजच चढणार. आता यातल्या एकाने असे विचारले तर?

'सर, समजा उद्या तुमचं गाव शहरात आलं. पहिल्या वर्षी नेमकं काय काय बदलेल असं तुम्हाला वाटतं?'

मग घरफाळा किती वर्षांत कसा वाढेल, ग्रामपंचायतीच्या जागी किती नगरसेवक येतील, गायरानाचे काय होईल, शेतीच्या जमिनीवर आरक्षण पडेल का, हे प्रश्न एकेक करून पुढे येतात. आणि दोघांच्याही लक्षात येते की यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी कोणालाच पक्की ठाऊक नाहीत. गावच्या सरांची धास्ती जमिनीची आहे, शहराच्या सरांची चिंता वाढत्या शहराला न पुरणाऱ्या पैशाची आहे. दोन्ही खऱ्या आहेत. मत कदाचित दोघांचेही बदलणार नाही. पण आता ते एकाच प्रश्नाकडे पाहत आहेत.

आपली जुनी शिस्त : पूर्वपक्ष

हे सगळे परदेशी प्रयोगांतूनच शिकावे लागते असे नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडून काढायचे, ती वितंडा. मराठीत 'वाद' हा शब्द आज भांडणासाठी वापरला जातो आणि 'वितंडवाद' हा शब्द मात्र शिल्लक राहिला आहे, यावरून आपल्या सवयींची कल्पना यावी.

जुन्या शास्त्रीय ग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, मग उत्तरपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट, त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडायचे, आणि नंतरच त्याला उत्तर द्यायचे. कच्चा पूर्वपक्ष मांडून त्याला हरवण्यात पुरुषार्थ नाही.

हीच गोष्ट विसाव्या शतकात दोन अभ्यासकांनी वेगळ्या वाटेने सांगितली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली एक साधा नियम सुचवला. वाद चालू असताना प्रत्येकाने आपले बोलण्याआधी, मागच्या माणसाचे म्हणणे त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे सांगायचे. गणिती विचारवंत अनातोल रॅपोपोर्ट यांनी १९६० च्या सुमारास याला आणखी एक जोड दिली. प्रतिपक्षाचे म्हणणे कोणत्या परिस्थितीत खरे ठरते, तेही शोधायचे.

हा नियम ऐकायला सोपा आहे, करायला अवघड. करून पाहिले की कळते की आपण समोरचा बोलत असताना ऐकत नव्हतो, उत्तर जुळवत होतो. 'तुमचं म्हणणं असं आहे ना, की…' या वाक्याने सुरुवात केली आणि समोरचा 'हो, हेच म्हणायचंय मला' असे म्हणाला, की निम्मा ताण तिथेच उतरतो. तो 'नाही, असं नाही' म्हणाला, तर आपण एका काल्पनिक शत्रूशी भांडत होतो हे वेळीच कळते.

दहा मिनिटांचे संभाषण

'बोलून कोणाचे मत बदलते का?' हा प्रश्न उरतोच. याचे उत्तर शोधण्याची कथा स्वतःच शिकण्यासारखी आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये 'सायन्स' या प्रतिष्ठित नियतकालिकात एक निबंध आला. घरोघर जाऊन केलेल्या एका छोट्या संभाषणाने समलिंगी विवाहाबद्दलची मते बदलतात आणि बदललेली टिकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर कौतुक झाले. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या दोन तरुण संशोधकांना हा निष्कर्ष इतका आवडला की त्यांनी तसाच प्रयोग पुढे न्यायचे ठरवले. तयारी करताना त्यांना मूळ आकडेवारीत विसंगती दिसल्या. त्यांनी त्या जाहीर केल्या आणि २०१५ साली तो निबंध मागे घेतला गेला. ज्यांना निष्कर्ष खरा ठरायला हवा होता, त्यांनीच तो तपासला, हे विशेष. 'केसरी'च्या त्या पत्रांशी याची तुलना वाचकांनी करावी.

मग या दोघांनी स्वतःचा प्रयोग काटेकोरपणे केला. अमेरिकेतल्या मायामी भागात ५६ कार्यकर्ते ५०१ मतदारांच्या दारी गेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. एका गटाशी टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापरावर बोलणे झाले, दुसऱ्या गटाशी तृतीयपंथी व्यक्तींना मिळणाऱ्या वागणुकीवर, सरासरी दहा मिनिटे. कार्यकर्ते भाषण देत नव्हते. ते मतदाराचे मत विचारत, त्यावर शेरा न मारता ऐकून घेत. मग विचारत, 'तुम्ही इतरांपेक्षा वेगळे आहात म्हणून कोणी तुम्हाला कधी कमी लेखले होते का?' मतदार आपला अनुभव सांगे, कार्यकर्ताही आपला सांगे. तीन महिन्यांनीही दुसऱ्या गटातल्या लोकांचा पूर्वग्रह पहिल्या गटापेक्षा कमी आढळला. हा निबंध २०१६ साली आला. याच दोघांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नुसते युक्तिवाद ऐकवले तर परिणाम दिसला नाही. अनुभवांची मोकळी देवाणघेवाण ठेवली तेव्हाच तो दिसला.

याचा अर्थ माहिती निरुपयोगी असा नाही. एके काळी असे मानले जाई की चूक दाखवली की माणूस उलट अधिकच हट्टाला पेटतो. २०१० सालच्या एका अभ्यासात तसे दिसलेही होते. पण थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ विषयांवर हे तपासले, तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ आढळलाच नाही. खरी माहिती दिली तर लोक ती बहुधा स्वीकारतात. मात्र तेवढ्याने ते आपली बाजू सोडत नाहीत. आकडा दुरुस्त होतो, निष्ठा तिथेच राहते. म्हणून एका दुपारच्या चर्चेत कोणी पक्ष बदलावा अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे.

वर्गासाठी एक तास

नववीपासून पुढच्या वर्गांत हा तास घेता येईल. विषय मुलांच्या परिचयाचा, पण खरोखर दोन बाजू असलेला घ्यावा. शहराची हद्दवाढ, उसाचा दर कसा ठरावा, रंकाळ्याकाठी वाहने बंद असावीत का, असे काही. एखाद्या मुलाच्या जातीचा किंवा धर्माचा दर्जा चर्चेला लावणारा विषय घेऊ नये. कोणत्याही मुलाला आपले माणूसपण वर्गात सिद्ध करावे लागू नये.

१. प्रत्येकाने आपले मत आणि त्याची खात्री (एक ते सात गुण) कागदावर लिहावी. नाव लिहू नये.

२. भिन्न मताच्या दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. पहिल्याने दोन मिनिटे बोलावे. दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे आणि मग त्याचे म्हणणे सांगावे. पहिला 'बरोबर' म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. मग भूमिका बदलाव्यात.

३. दोघांनी मिळून 'हे प्रत्यक्षात कसे चालेल?' याच्या पायऱ्या लिहाव्यात. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह करावे.

४. प्रत्येकाने एक वाक्य लिहावे, 'माझे मत चुकीचे आहे हे मला कोणत्या गोष्टीवरून कळेल?' हेच वेसनच्या खेळातले '६, ४, २'.

५. खात्रीचे गुण पुन्हा द्यावेत. शेवटी फळ्यावर फक्त प्रश्नचिन्हांची यादी करावी. तो पुढच्या आठवड्याचा अभ्यास.

शिक्षकांनी स्वतःचे मत आधी सांगू नये. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, रेषांची लांबी ओळखण्यासारख्या साध्या कामातही इतर सगळे मुद्दाम चुकीचे उत्तर देत असले, की सुमारे एकतृतीयांश वेळा माणसे त्यांच्याबरोबर चुकत. पण एक जरी साथीदार खरे उत्तर देणारा मिळाला, तर हे प्रमाण झपाट्याने खाली येई. वर्गात शिक्षकाच्या शब्दाचे वजन इतर सर्वांपेक्षा जास्त असते. म्हणून आपले काम आपल्या मतासाठी टाळ्या मिळवणे हे नव्हे. एकट्या पडलेल्या मुलाला 'तुझे म्हणणे पूर्ण सांग' असे म्हणणे, हे आहे.

आदराच्या मर्यादा

इथे एक प्रामाणिक शंका येते. समोरचा अन्यायाचीच बाजू घेत असेल तर त्याच्याशी आदराने का बोलायचे? आमचे उत्तर असे. आदर माणसाला द्यायचा आहे, मताला नव्हे. मतावर कठोर टीका करता येते, करायलाही हवी. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने शांत स्वरातच बोलावे, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. ज्याच्या हाती अधिकार आहे, ऐकून घेण्याची पहिली जबाबदारी त्याची. आणि शिवीगाळ, धमकी सुरू झाली की चर्चा तिथेच संपली, उठून जाण्यात कमीपणा नाही.

ही मर्यादा कोल्हापूरने फार जवळून पाहिली आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी आयुष्यभर भाषणे दिली, छोट्या पुस्तिका लिहिल्या. त्यांचे 'शिवाजी कोण होता?' १९८८ साली आले आणि घरोघर वाचले गेले. त्यांची मते न पटणारे कोल्हापुरात पुष्कळ होते. त्या प्रत्येकाला भाषणाला भाषणाने, पुस्तिकेला पुस्तिकेने उत्तर देण्याची मोकळीक होती. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरायला गेलेल्या पानसरे दांपत्यावर त्यांच्या घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. मताला गोळीने उत्तर दिले गेले, की त्या दिवशी फक्त एक माणूस मरत नाही. शिक्षकांच्या खोलीत पुढचा विषय काढण्याआधी प्रत्येक जण दाराकडे पाहू लागतो. चर्चेची शिस्त शाळेत शिकवायची ती एवढ्यासाठी. वाद घालायला शिकलेला मुलगा हत्यार उचलणार नाहीच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण विरोधकाचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकून, स्वतःच्या तोंडाने मांडण्याची ज्याला सवय आहे, त्याला त्या विरोधकाचे माणूसपण विसरणे जड जाईल, एवढी आशा बाळगायला हरकत नाही.

शेवटी पुन्हा डोंगरीकडे. तुरुंगात वाद घालणारे दोघे मित्र राहिले आणि वर्तमानपत्रांतून वाद घालणारे तेच दोघे दुरावले, हे का झाले असावे? संस्थेतले व्यवहार, स्वभाव, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यासारखे पेटलेले प्रश्न, ही कारणे होतीच. त्यात आम्ही आमच्या तर्काने एकाची भर घालतो. डोंगरीत श्रोते दोनच होते, आणि दोघेही वाद घालणारेच होते. बाहेर प्रत्येकामागे आपापला समुदाय उभा राहिला. समुदायापुढे बोलताना माणूस समोरच्याशी बोलत नाही, मागच्यांसाठी बोलतो. न्यायसूत्रांच्या भाषेत, वादाचा जल्प होतो.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वय चाळिशीच्याही आत. 'केसरी'तला त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला आणि जुन्या मित्राच्या बुद्धीचा, निःस्पृहपणाचा गौरव केला. तो वाचायला आगरकर नव्हते.

आपल्या शिक्षकांच्या खोलीतल्या दोन खुर्च्यांवरची माणसे अजून आहेत. एखाद्या मधल्या सुट्टीत, इतर कोणी ऐकत नसताना, एकाने दुसऱ्याला विचारावे, 'सर, त्या विषयावर तुमचं नेमकं म्हणणं काय होतं? मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.'